लेमवेर्डरचे सुतार आणि अमेरिकेच्या नौका

१/
१९५० साल. दुसरे महायुद्ध संपून जेमतेम पाच वर्षे झाली होती. जर्मनीतील वेझर नदीच्या काठी, लेमवेर्डर या लहानशा गावात, अमेरिकन आराखड्यावरून एक शिडाची नौका आकार घेऊ लागली. याच गोदीने युद्धकाळात जर्मन नौदलासाठी सुरुंग काढणाऱ्या नौका बांधल्या होत्या. पुढील सोळा वर्षांत त्या एकाच घडणीच्या ९९ नौका तिथे तयार झाल्या. कालच्या शत्रूच्या हातची नौका अमेरिकन माणसाला का हवीशी वाटली? #थ्रेड

२/
या गोदीचे नाव आबेकिंग अँड रासमुसेन. गेओर्ग आबेकिंग आणि मूळचे डॅनिश असलेले हेन्री रासमुसेन यांनी १९०७ मध्ये ती स्थापन केली. समोरच्या तीरावर ब्रेमेन हे जुने व्यापारी बंदर. अटलांटिकपार माल धाडणे तिथल्या लोकांना नवे नव्हते. त्यामुळे लेमवेर्डरची नौका न्यूयॉर्कला पोहोचवणे ही अवघड गोष्ट नव्हती. मालवाहू जहाजाच्या डेकवर ती लादली जाई.

३/
अमेरिकेशी नाते जुळले ते युद्धाच्या फार आधी, विल्यम स्टार्लिंग बर्जेस या अमेरिकन अभियंत्यामुळे. त्याच्या वडिलांनी आखलेल्या नौकांनी १८८५, १८८६ व १८८७ या सलग तीन वर्षांत अमेरिकाज कप राखला होता. मुलाने मात्र आपले आराखडे जर्मनीला पाठवले. १९२७ मध्ये ‘टेन मीटर’ वर्गातील १४ नौका, १९२८ मध्ये ‘ट्वेल्व्ह मीटर’ वर्गातील ६ नौका आणि १९२९-३० मध्ये ‘अटलांटिक’ वर्गातील सुमारे १०० नौका लेमवेर्डरहून अमेरिकेत आल्या.

४/
यामागचे एक कारण उघड होते. तिथली मजुरी कमी होती. दुसरे कारण अधिक सूक्ष्म आहे. अटलांटिक वर्गाच्या शर्यतीत सर्व नौका अगदी सारख्या असाव्या लागतात, तरच जिंकणाऱ्याचे कौशल्य सिद्ध होते. एकाच साच्यावर शंभर नौका, तसूभर फरक न पडू देता, थोड्या महिन्यांत बांधणे हे शिस्तबद्ध मोठ्या गोदीचेच काम. अमेरिकन ग्राहक स्वस्ताईबरोबर हा सारखेपणाही विकत घेत होता.

५/
इथे एक विरोधाभास ध्यानात घ्यावा. अमेरिकाज कपची नौका ज्या देशाची, त्याच देशात बांधलेली असावी असा दंडक होता. त्यामुळे १९३० ची ‘एंटरप्राइज’ ही बर्जेसचीच विजयी नौका अमेरिकेतच घडली. राष्ट्राच्या प्रतिष्ठेची नौका स्वदेशी आणि सुटीच्या दिवशी फेरफटका मारण्याची नौका परदेशी, अशी ही विभागणी होती. एकच माणूस दोन्हीकडे काम करीत होता आणि कोणाला त्यात वावगे वाटत नव्हते.

६/
मग हा ओघ आटला. १९२९ मध्ये शेअर बाजार कोसळला. १९३० च्या स्मूट-हॉली कायद्याने आयातीभोवती करांची तटबंदी उभी केली. जर्मनीत १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि त्यानंतर युद्ध पेटले. सहलीच्या नौका घडवणारे हात नौदलाच्या कामाला जुंपले गेले.

७/
आता अटलांटिकच्या पलीकडच्या तीराकडे वळू. २१ सप्टेंबर १९३८ रोजी न्यू इंग्लंडवर भीषण चक्रीवादळ आदळले. मॅसॅच्युसेट्सच्या बझर्ड्स उपसागरात नौकांचा चुराडा झाला. त्यात लुएलिन हाउलंड यांची आवडती नौकाही गेली. त्यांचा मुलगा वॉल्डो ‘कॉन्कॉर्डिया’ ही नौकांची कंपनी चालवीत होता. वडिलांसाठी नवी नौका हवी होती. आराखडा केला रे हंट या प्रतिभावान नौकाकाराने.

८/
बझर्ड्स उपसागरात उन्हाळ्यातील दुपारी नैर्ऋत्येचा जोरकस वारा सुटतो आणि आखूड, खड्या लाटा उठतात. तिथे टिकेल, कुटुंबाला घेऊन जाईल आणि वेळ पडल्यास शर्यतही जिंकेल अशी नौका हंटने योजली. लांबी ३९ फूट १० इंच, रुंदी १० फूट ३ इंच. पुढे मोठी डोलकाठी, मागे एक छोटी. अशा रचनेला ‘यॉल’ म्हणतात. पहिल्या चार नौका मॅसॅच्युसेट्समध्येच बांधल्या गेल्या.

९/
पाचवी मात्र लेमवेर्डरला गेली. कारण युद्धोत्तर अमेरिकेत लाकडी नौका बांधून घेणे अत्यंत खर्चिक झाले होते. कुशल कारागिरांची मजुरी वाढली होती आणि जुन्या गोद्या मिटत चालल्या होत्या. ऱ्होड आयलंडमधील ब्रिस्टल येथील हेरशॉफ कंपनीने १८९३ पासून अमेरिकाज कपच्या कितीतरी विजयी नौका घडवल्या होत्या. तिचे दरवाजे १९४५ मध्ये बंद झाले. हौशी मध्यमवर्गीय ग्राहक तयार होता, पण त्याला परवडेल अशी गोदी जवळ उरली नव्हती.

१०/
जर्मनीची अवस्था याच्या नेमकी उलट होती. तिथे कारागीर होते, पण काम नव्हते. १९४५ च्या पॉट्सडॅम करारानंतर जर्मन जहाजबांधणीवर कडक निर्बंध आले. नोव्हेंबर १९४९ च्या पीटर्सबर्ग करारानंतर ते सैल होऊ लागले. त्याच्या दोनच महिने आधी, सप्टेंबर १९४९ मध्ये, मार्कचे अवमूल्यन झाले होते. एका डॉलरला पूर्वी ३.३३ मार्क मिळत, ते आता ४.२० मिळू लागले. म्हणजे अमेरिकन ग्राहकाच्या त्याच डॉलरची जर्मनीतील खरेदीशक्ती एका फटक्यात सव्वापट झाली.

११/
हा व्यवहार अमेरिकन सरकारच्या धोरणाशीही सुसंगत होता. १९४८ पासून मार्शल योजनेखाली पश्चिम युरोपला अमेरिकेची मदत सुरू होती. पण मदत कायमची नसते. युरोपने माल विकून स्वतः डॉलर कमवावेत, हे त्या योजनेचे अंतिम उद्दिष्ट होते. लेमवेर्डरहून निघालेली प्रत्येक नौका त्या मोठ्या हिशेबातला एक लहान आकडा होती. ज्या पिढीने जर्मनीशी युद्ध केले, तीच पिढी आता जर्मन सुतारांची ग्राहक झाली.

१२/
परंतु केवळ स्वस्त वस्तू सोळा वर्षे खपत नाही. ओकच्या फासळ्यांवर महोगनीच्या फळ्या बसवलेल्या, आतले पाइनचे लाकूड रंग न देता मोकळे ठेवलेले. नौकेच्या कडेने धावणाऱ्या सोनेरी रेघेच्या एका टोकाला चांदणी आणि दुसऱ्या टोकाला चंद्रकोर कोरलेली. ही खूण दुरून दिसली तरी जाणकार म्हणे, ‘ती पाहा कॉन्कॉर्डिया!’ कारागिरीला नाव मिळाले होते.

१३/
कसोटीही लवकरच लागली. १९५४ च्या न्यूपोर्ट-बर्म्युडा शर्यतीत ‘मले’ ही कॉन्कॉर्डिया यॉल सर्वांत सरस ठरली. १९५५ मध्ये खुद्द रे हंट आपली ‘हॅरिअर’ घेऊन इंग्लंडमधील काउजला गेला आणि तिथल्या शर्यती जिंकून आला. अमेरिकन आराखड्याची, जर्मन हातांनी घडलेली नौका इंग्लंडच्या घरच्या पाण्यात विजयी झाली होती. युद्ध संपून तेव्हा दहाच वर्षे झाली होती.

१४/
या यशाची दुसरी बाजू दृष्टीआड करता येत नाही. लेमवेर्डरला गेलेले प्रत्येक काम न्यू इंग्लंडमधील एखाद्या गोदीचे संभाव्य काम होते. अमेरिकन नौकाकारांचे नाव उजळले, पण अमेरिकन सुतारांची पुढची पिढी घडण्याची संधी आक्रसली. आराखडा देशात राहिला आणि हातातील कसब देशाबाहेर पोसले गेले. आज उद्योगांच्या स्थलांतराविषयी जो वाद चालतो, त्याचे बीज या सुंदर नौकांतही सापडते.

१५/
अखेर काळ बदलला. १९६१ मध्ये डॉलर ४ मार्कांवर आला, १९६९ मध्ये ३.६६ वर. जर्मन मजुरीही वाढली. त्याहून मोठा घाव फायबरग्लासने घातला. साच्यातून निघणाऱ्या नौकेला फळी तासणाऱ्या सुताराची गरज नव्हती. १९६६ मध्ये लेमवेर्डरची शेवटची कॉन्कॉर्डिया बाहेर पडली. एकूण संख्या १०३ वर थांबली.

१६/
त्याच १९६६ साली फिनलंडमधील पिएतारसारी या गावी पेक्का कोस्केनकुला याने ‘नॉटॉर’ ही कंपनी काढली. या गावाला लाकडी जहाजांची जुनी परंपरा होती. नौका मात्र फायबरग्लासची, नाव ‘स्वॉन’, आणि आराखडा न्यूयॉर्कच्या स्पार्कमन अँड स्टीफन्सचा. सूत्र तेच राहिले. अमेरिकन डोके, युरोपीय हात. साच्यातल्या नौकेच्या आतही सुतारांनी सागवानी काम इतके नेटके केले की ‘स्वॉन’ हा शब्दच दर्जाचा पर्याय बनला.

१७/
पुढचे वळण फ्रेंचांनी घेतले. १८८४ मध्ये मासेमारीच्या नौकांपासून सुरुवात केलेल्या बेनेटो कंपनीने १९८६ मध्ये थेट अमेरिकेत, साउथ कॅरोलायनातील मॅरियन येथे कारखाना उभारला. चलनाचा चढउतार आणि समुद्रवाहतुकीचा खर्च यांवरचा तो उपाय होता. एकेकाळी अमेरिकन आराखडे युरोपात जात होते. आता युरोपीय कंपनी अमेरिकन कामगारांकडून नौका बांधून घेऊ लागली.

१८/
लगेच एक धडाही मिळाला. १९९१ पासून अमेरिकेने १ लाख डॉलरच्या वरच्या नौकांवर, त्या मर्यादेपलीकडील किमतीवर, १० टक्के चैनकर लावला. मंदीही त्याच वेळी आली होती. श्रीमंतांनी खरेदी लांबणीवर टाकली आणि झळ बसली ती देशी गोद्यांतील कामगारांना. १९९३ मध्ये नौकांवरील हा कर मागे घेतला गेला.

१९/
तात्पर्य, ‘युरोपीय नौकेचे आकर्षण’ ही केवळ अभिरुचीची कथा नाही. स्वस्त मार्क, बंद पडलेल्या अमेरिकन गोद्या, युद्धोत्तर राजकारण आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे हस्तकौशल्य यांच्या संगमातून ते जन्मले. चलनाचा फायदा १९६० च्या दशकात ओसरू लागला, कारागिरीचा लौकिक मागे उरला. त्या १०३ कॉन्कॉर्डियांपैकी बहुसंख्य नौका आजही पाण्यात आहेत, आणि त्यांच्या अंगावरची चांदणी व चंद्रकोर वेझरकाठच्या अनाम सुतारांची सही म्हणून वाचता येते.