लोणारचा काळा गाळ

लोणारचा इतिहास म्हटलं की आपण उल्का आणि देवळं यांपाशीच थांबतो. आज जरा गाळात उतरू या. काठाशी काठी खुपसली की काळाकुट्ट चिखल वर येतो, आणि सोबत सडक्या अंड्यांचा वास.

या तळ्याची नोंद करणाऱ्यांनी विकलं जाईल तेच टिपलं. 'आइन-ए-अकबरी' सांगते की इथे काच आणि साबणाला लागणारा माल मिळतो. इंग्रजी अमदानीत डल्ला, खुप्पल, पापडी अशी क्षारांची नावं कागदोपत्री चढली. काळ्या गाळाला कोण विचारतो!

गंधकाच्या वासावरून ज्वालामुखी आठवणं साहजिक आहे. १९७३ साली उल्काघाताचा भक्कम पुरावा छापून येईपर्यंत बरेच भूशास्त्रज्ञ हे ज्वालामुखीचंच विवर मानत होते. पण हा वास पोटातल्या आगीचा नव्हे. तळाशी प्राणवायू संपतो, तेव्हा काही जिवाणू त्याऐवजी पाण्यातलं सल्फेट वापरून जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. लोहाशी त्याचा संयोग झाला की गाळ काळा पडतो. पाण्याचा सामू १० च्या आसपास, त्यामुळे बरंचसं सल्फाइड पाण्यातच विरघळून राहतं. नाहीतर तिथे नाक दाबूनच फिरावं लागलं असतं.

प्राणवायूविना, सल्फाइडनं भरलेल्या अशा तळात बिळं करणारे जीव टिकत नाहीत. म्हणून थर फारसे ढवळले जात नाहीत. याच गाळातून संशोधकांनी सुमारे ११,००० वर्षांच्या पावसाचा चढउतार वाचला. आणि म्हणूनच 'गाळ उपसून तळं स्वच्छ करा' असं कुणी म्हटलं की आम्हाला धास्ती वाटते.