मिशिगन विद्यापीठ ग्रंथालयांचे अंकीकरण : करार, प्रत आणि वाचक

ग्रंथालयांच्या अंकीकरणाचा इतिहास बहुधा यंत्रांच्या वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या बाबतीत मात्र यंत्रापेक्षा करार निर्णायक ठरला, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

कॉर्नेल विद्यापीठाच्या सहकार्याने 'मेकिंग ऑफ अमेरिका' हा प्रकल्प मिशिगनने १९९० च्या दशकाच्या मध्यास हाती घेतला होता. तथापि सुमारे ७० लाख ग्रंथांचे अंकीकरण त्याच गतीने करावयाचे झाल्यास हजार वर्षे लागतील, असा ग्रंथालयाचा अंदाज होता. याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी व गूगलचे सहसंस्थापक लॅरी पेज यांनी ते सहा वर्षांत करण्याची तयारी दर्शविली. डिसेंबर २००४ मध्ये मिशिगन, हार्वर्ड, स्टॅनफर्ड, ऑक्सफर्ड व न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालय यांच्या सहभागाची घोषणा झाली.

अंकीकृत ग्रंथाची एक प्रत विद्यापीठाकडे राहील, ही करारातील तरतूद त्या वेळी दुय्यम वाटली असेल. पुढील सर्व घडामोडींचे मूळ तीच होय. या प्रती एकत्र ठेवण्यासाठी मिशिगनने अन्य विद्यापीठांसह २००८ मध्ये 'हाथीट्रस्ट' ही संस्था स्थापन केली. हत्तीच्या स्मरणशक्तीवरून आलेले हे नाव आपल्याला परके वाटू नये! लेखक-संघटनांनी २०११ मध्ये दावा दाखल केला. परंतु ग्रंथांतर्गत शब्दशोध आणि दृष्टिहीनांसाठीचा वापर हे न्याय्य वापर ठरतात, असा निकाल २०१२ मध्ये लागला व २०१४ मध्ये अपील न्यायालयाने या दोन्ही बाबींत तो कायम केला.

मराठी अभ्यासकाचा प्रश्न येथूनच सुरू होतो. १९६२ पासून 'पी.एल. ४८०' योजनेखाली भारतीय ग्रंथ अमेरिकन विद्यापीठांत पोहोचले. त्यांपैकी अंकीकृत झालेल्या बहुतेक ग्रंथांत आज केवळ शब्द शोधता येतो, पाने वाचता येत नाहीत. जुन्या ग्रंथांची स्थिती अधिक विचित्र आहे. १९१५ साली पुण्यात छापलेल्या ग्रंथाचा लेखक १९५० पूर्वी निवर्तला असल्यास भारतीय कायद्यानुसार मृत्यूनंतरची ६० वर्षांची मुदत केव्हाच संपलेली असते. तरीही प्रत्येक परदेशी लेखकाचे मृत्युवर्ष तपासणे अवघड असल्याने संस्था सावध धोरण स्वीकारते. परिणामी असा ग्रंथ अ‍ॅन आर्बर येथील वाचकास पूर्ण उघडतो आणि पुण्यातील वाचकास बहुधा बंदच दिसतो.