१५ मिनिटांचं काम आणि एक न सुटणारा बोल्ट

आजच्या भागात राजे नाहीत, लढाया नाहीत, तहही नाहीत. आज आहे एक बोल्ट. १० नंबरच्या पान्याने सुटायला हवा असा, गंजलेला, आणि काही केल्या न सुटणारा.

सीन तुमच्या ओळखीचा असेल. सेकंडहँड गाडी घेतलीय, ईएमआय चालू आहे, आणि हेडलाइटचा बल्ब गेलाय. यूट्यूबवर कुणीतरी आठ मिनिटांत बदलून दाखवलाय. म्हणून रविवारी सकाळी नऊला तुम्ही पार्किंगमध्ये उतरता. दुपारी जेवायला तिसरी हाक येते तेव्हा बंपर अर्धा लोंबकळतोय, एक क्लिप तुटलीय, आणि पहिला स्क्रू अजून जागेवरच आहे. वरच्या मजल्यावरचे काका जाता जाता सांगतात, "अरे, तुला नाही जमायचं, गॅरेजला दे!"

काकांचा मान राखून सांगतो, प्रश्न बहुतेक वेळा तुमच्या हाताचा नसतो. तो स्क्रू तिथे, तसाच, तेवढा घट्ट असण्यामागे १८० वर्षांत घेतलेले निर्णय आहेत. आणि हे निर्णय घेताना गाडी लावणाऱ्याचा विचार झाला, चालवणाऱ्याचा झाला. उघडणाऱ्याचा क्वचितच.

सुरुवात मात्र उघडणाऱ्यापासूनच झाली होती. ऑगस्ट १८८८, जर्मनीतलं मानहाइम. बेर्था बेन्झ नवऱ्याला न सांगता, दोन मुलांना बरोबर घेऊन, त्याने बनवलेल्या तीनचाकी गाडीतून फोर्त्सहाइमला माहेरी निघाली. अंतर साधारण १०० किलोमीटर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती तिने हॅटच्या पिनेने मोकळी केली. इग्निशनची वायर उघडी पडली, तिला मोज्याच्या पट्ट्याचं आवरण केलं. लाकडी ब्रेक झिजले, तर एका चांभाराकडून त्यांना चामडं ठोकून घेतलं. इंधन मिळालं वीसलोखच्या औषधाच्या दुकानात. ही गोष्ट नेहमी धाडसाची म्हणून सांगितली जाते, आणि ती आहेच. मला त्यात अजून एक दिसतं: बिघडलेली प्रत्येक वस्तू तिला डोळ्यांनी दिसत होती आणि तिथे हात पोचत होता. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता बोल्टाकडे येऊ. बोल्टावर जे पीळ असतात, ज्यांना आपण आटे म्हणतो, ते एकेकाळी प्रत्येक कारखान्याचे वेगळे असत. एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टावर बसेल याची खात्री नव्हती. १८४१ मध्ये इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने प्रमाणित आटा सुचवला, कोन ५५ अंश. १८६४ मध्ये अमेरिकेत विल्यम सेलर्सने दुसरा सुचवला, कोन ६० अंश, कारण तो बनवायला सोपा होता. झालं, दोन जगं तयार झाली. युरोप खंडात मेट्रिक, म्हणजे तिसरं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि अमेरिकन सामान एकमेकांना बसेना तेव्हा सगळ्यांचे डोळे उघडले आणि १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडाने मिळून एक सामाईक आटा ठरवला. पण जुनी यंत्रं, जुने साचे, जुना माल एका रात्रीत जात नाही. त्यानंतरच्या काळातल्या काही ब्रिटिश गाड्यांमध्ये जुने आणि नवे आटे शेजारी शेजारी सापडतात.

कोड लिहिणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. एकाच प्रोजेक्टमध्ये पायथन २ आणि पायथन ३ असलं की जे होतं, तेच.

आपल्याकडेही ही गंमत आली. अँबेसेडर म्हणजे मुळात ब्रिटिश मॉरिस ऑक्सफर्ड, तिचे पाने इंची. पद्मिनी म्हणजे इटालियन फियाट ११००, आपल्या कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात बनायची, तिचे पाने मिलिमीटरचे. पुढे १९९० च्या दशकात अँबेसेडरमध्ये इसुझूचं जपानी इंजिन आलं, म्हणजे तिथेही मिलिमीटर शिरले. आता बघा, अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी. त्यावर १३ चा पाना बसतो. अगदी छान बसतो, असं वाटतं. मधे ०.३ मिमीची फट असते. जोर लावला की पाना त्या फटीत सरकतो, नटाचे कोपरे गोल होतात, आणि तुमच्या १५ मिनिटांच्या कामाचा दिवस होतो. घरी ज्यांच्याकडे वडिलांची किंवा आजोबांची हत्यारांची पेटी आहे, त्यांनी पान्यावरचा आकडा इंचाचा आहे की मिमीचा, हे एकदा तपासून बघा.

पुढचा मुक्काम डेट्रॉइट. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या वर बनली, आणि तिचे मालक बरेचसे शेतकरी. ते ती स्वतःच दुरुस्त करायचे. म्हणून तो काळ सुखाचा होता असं समजू नका हं. तिच्या गिअरबॉक्समध्ये कापडी अस्तराचे पट्टे असत, ते झिजले की बदलायचे. वरचं झाकण काढायचं, आत हात घालायचा, नट सोडायचा. आणि तो नट हातातून निसटून खाली तेलात पडला की पुढचा सगळा वेळ त्या नटाचा. म्हणून जाणकार आधी आत चिंध्या कोंबून ठेवत. बोल्ट खाली पडून गायब होण्याचं दुःख १०० वर्षं जुनं आहे, एवढाच दिलासा.

त्याच फोर्डने १९१३ मध्ये हायलंड पार्कला सरकती असेंब्ली लाइन सुरू केली. एक चासी जोडायला आधी साडेबारा तास लागत, ते काही महिन्यांत ९३ मिनिटांवर आलं. आता कारखान्यात प्रत्येक सेकंद मोलाचा झाला. १९३० च्या दशकात हेन्री फिलिप्सने अधिकाराच्या खाचेचा, म्हणजे अधिकच्या चिन्हाचा स्क्रू बाजारात आणला आणि १९३६ मध्ये कॅडिलॅकने तो उचलला. सरळ खाचेच्या स्क्रूवर ड्रायव्हर धरताना नेम लागतो. फिलिप्समध्ये ड्रायव्हर आपोआप मध्यावर येतो, मशीनने भराभर आवळता येतो. कारखान्याच्या दृष्टीने सोनं. पण जोर वाढला की ड्रायव्हर खाचेतून वर उसळतो. आवळताना हे फारसं नडत नाही. दहा वर्षांनी, गंज चढल्यावर, आडवं झोपून, एका हाताने सोडवताना मात्र दोनदा उसळला की खाच झिजून गुळगुळीत वाटी होते. मग बसा. लावणाऱ्याचे तीन सेकंद वाचले, ते काढणाऱ्याच्या खात्यावर जमा झाले, आणि हिशोब कुणी विचारलाच नाही.

तिसरी गोष्ट जागेची. १९५६ च्या सुएझ संकटानंतर ब्रिटनमध्ये पेट्रोलचं रेशनिंग झालं, छोटी गाडी हवी झाली. अलेक इसिगोनिसने १९५९ मध्ये मिनी दिली. लांबी फक्त ३.०५ मीटर, तरी चार माणसं नीट बसायची. त्याने इंजिन आडवं ठेवलं आणि गिअरबॉक्स त्याच्या खालीच घातला. मला ही रचना मनापासून आवडते. पण तिचा एक परिणाम असा झाला की डिस्ट्रिब्युटर समोरच्या जाळीमागे आला. पाऊस जोरात लागला की पाणी थेट त्यावर, आणि गाडी बंद! आज आपल्या बहुतेक छोट्या गाड्या आडव्या इंजिनाच्याच आहेत. १९८३ ची मारुती ८०० सुद्धा. मागच्या सीटवर गुडघ्याला जी जागा मिळाली, ती बोनेटखालून घेतलेली आहे. तिथे आता मनगट वळत नाही.

तुलनेसाठी पद्मिनी आठवा, किंवा घरातल्या मोठ्यांना विचारा. उन्हाळ्यात घाटात पेट्रोलची वाफ व्हायची, पंपाला ती ओढता यायची नाही, गाडी बंद. उपाय काय? पंपावर ओलं फडकं. म्हणजे गाडी कमी बिघडायची असं नाही, उलट जास्तच बिघडायची. पण बोनेट उघडलं की पंप समोर दिसायचा. बेर्थाबाईंची गोष्ट आठवली ना?

उलट टोक हवं असेल तर १९९० च्या दशकातली अमेरिकेतली डॉज स्ट्रॅटस घ्या. तिची बॅटरी डाव्या पुढच्या चाकापुढे लपलेली. बदलायची तर चाकाच्या पोकळीतून हात घालायचा. बॅटरी बदलायला जॅक!

आणि या सगळ्यावर गंज. लोखंडाचा गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. म्हणजे आट्यांमधली बारीक फट आतून फुगून भरते आणि नट-बोल्ट जवळजवळ एकजीव होतात. थंड देशांत रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ हे करतं, मुंबई-कोकणात समुद्राची हवा आणि चार महिन्यांचा पाऊस. लगेच डब्ल्यूडी-४० चा डबा आठवला असेल. १९५३ मध्ये सॅन दिएगोच्या एका छोट्या कंपनीने तो फॉर्म्युला बनवला, पाणी दूर सारण्यासाठी, आणि तो वापरला गेला अ‍ॅटलस क्षेपणास्त्राच्या पत्र्याला गंजापासून वाचवायला. ४० वा प्रयत्न जमला म्हणून नावात ४०. जाम बोल्टासाठी मुद्दाम बनवलेलं पेनिट्रेटिंग ऑइल वेगळं मिळतं, आणि त्यालाही घाईत फवारून लगेच पाना लावला तर काही होत नाही. रात्रभर मुरू द्यावं लागतं.

तरीही कधीकधी डिझाइनच हरवतं. याचं माझं सर्वांत आवडतं, म्हणजे नावडतं, उदाहरण: फोर्डचं ५.४ लिटरचं थ्री-व्हॉल्व्ह ट्रायटन इंजिन, २००४ ते २००८ च्या आसपासचं. स्पार्क प्लग बदलणं हे घरगुती दुरुस्तीतलं पहिलीचं पुस्तक. या इंजिनाचा प्लग लांबट, दोन तुकडे जोडून बनवलेला. खालच्या नळीभोवती कार्बन साचायचा, प्लग फिरवला की वरचा भाग हातात आणि खालचा इंजिनात. हे इतकं झालं की कंपनीनेच मेकॅनिकांसाठी कृती काढली: थोडासाच फिरवा, क्लीनर सोडा, थांबा, मग हळूहळू काढा. तुटलेला तुकडा ओढून काढायचं खास हत्यारही आलं. प्रशिक्षित माणसाच्या हातात जे तुटत होतं, ते घरी तुटलं तर दोष कुणाचा?

या सगळ्यात उघडणाऱ्याच्या बाजूने उभं राहिलेलं एक नाव म्हणजे जॉन हेन्स. त्याची पहिली प्रसिद्ध रिपेअर मॅन्युअल १९६६ ची, ऑस्टिन-हीली स्प्राइटवरची. पद्धत साधी: गाडी खरोखर पूर्ण खोलायची, पुन्हा जोडायची, आणि प्रत्येक पायरीचा फोटो काढायचा. पुढे त्यात प्रत्येक कामाला एक ते पाच पाने असं रेटिंगही आलं, म्हणजे नवख्याने कुठे हात घालू नये हे आधीच कळायचं. "हे अवघड आहे" असं प्रामाणिकपणे सांगणारं पुस्तक! आठ मिनिटांचे व्हिडिओ हे सांगत नाहीत, कारण अडकलेल्या बोल्टाचे दोन तास एडिटिंगमध्ये कापलेले असतात. २०२० च्या शेवटी हेन्सने नव्या गाड्यांच्या छापील मॅन्युअल काढणं थांबवत असल्याचं जाहीर केलं.

तोवर अडथळा बोल्टाच्या पलीकडे गेला होता, आणि इथे माझी जमात मधे येते. अमेरिकेत १९९६ पासून गाड्यांना ओबीडी-२ सक्तीचं झालं. ते चांगलंच झालं, आज स्वस्तातल्या ब्लूटूथ डोंगलने फोनवर एरर कोड वाचता येतो. पण ते मुख्यतः प्रदूषणाशी निगडित गोष्टींपुरतं. बाकीचं सॉफ्टवेअर कंपनीच्या ताब्यात. इलेक्ट्रिक हँडब्रेक असलेल्या बऱ्याच गाड्यांत मागचे ब्रेक पॅड बदलायचे तर आधी गाडीला सर्व्हिस मोडमध्ये न्यावं लागतं, आणि त्यासाठी अनेकदा स्कॅनर लागतो. काही गाड्यांत नवी बॅटरी बसवली की ती सिस्टिममध्ये नोंदवावी लागते. यातल्या काही गोष्टींना तांत्रिक कारण आहे, मी नाकारत नाही. पण ती एक कमांड मालकाला का देऊ नये, याला तांत्रिक कारण मला तरी सापडलेलं नाही.

आणि हे फक्त हौशी लोकांचं रडगाणं नाही. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मुद्दा हाच: सुटे भाग खुल्या बाजारात मिळत नाहीत, आणि बाहेरच्या गॅरेजना निदानाची साधनं आणि तांत्रिक माहिती दिली जात नाही. म्हणजे कोपऱ्यावरचा मेकॅनिकही तुमच्याच रांगेत उभा आहे. गाडी समोर आहे, हातात पाना आहे, पण माहिती नाही. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली. तिने सुरुवातीला चार क्षेत्रं निवडली: शेतीची अवजारं, मोबाइल आणि टॅबलेट, घरगुती टिकाऊ वस्तू, आणि वाहनं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्याचं पोर्टलही सुरू झालं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. ओल्या फडक्याचा काळ संपला, आणि खरं सांगायचं तर भर उन्हात घाटात अडकायची हौस कुणालाच नाही.

तर येत्या रविवारी हेडलाइट उघडणार असाल, तर शनिवारी रात्रीच बोल्टावर तेल मारून ठेवा. सहा कोनांचा सॉकेट वापरा, बारा कोनांचा नको, कोपरे वाचतात. सोडवण्याआधी किंचित आवळून बघा, गंजाची पकड मोडायला मदत होते. आणि गॅरेजला द्यावी लागलीच, तर तिथल्या दादांना विचारा की या मॉडेलचा स्कॅनर त्यांना मिळतो का. उत्तर मला व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो.