पहिली बिअर कुठल्या धान्याची?

माझा पुतण्या अमेरिकेत असतो. त्याला घरी बिअर करायची आहे. तयार अर्क आणून नाही, तर थेट धान्यापासून. त्यानं विचारलं, "काका, पहिल्यांदा करतोय, कुठलं धान्य घेऊ?" दारूचं काही मी सांगणार नाही, पण धान्याचं विचारलंय म्हणून ही नोंद.

आधी कायद्याचं. आपल्या महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. तेव्हा इथल्या कुणी हे वाचून पातेलं चढवू नये. अमेरिकेत १९३३ ला दारूबंदी उठली. घरी वाइन करायला मोकळीक मिळाली, बिअर मात्र राहून गेली. ती १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांच्या सहीनं सुटली. तरी प्रत्येक राज्याचं वेगळं होतंच. अलाबामा आणि मिसिसिपी २०१३ ला तयार झाले.

आता आपल्याकडचं जुनं बघू. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचं प्रकरण आहे, त्यात चक्क मापासकट कृती दिल्यात. मेदक नावाच्या पेयाला एक द्रोण पाणी, अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. एका आढकाचे चार प्रस्थ आणि चार आढकांचा एक द्रोण. म्हणजे सोळा माप पाण्याला दोन माप तांदूळ आणि तीन माप किण्व. तांदळापेक्षा किण्व जास्त! पण किण्व म्हणजे आजच्या यीस्टची पुडी नव्हे. उडदाच्या लगद्यात त्याच्या एक तृतीयांश तांदूळ आणि थोडी वनस्पती घालून ते करायचे, म्हणजे तेही धान्यच.

त्याच प्रकरणात आणखी एक गोष्ट आहे, मला ती कृतीपेक्षा मोठी वाटते. दारूवर राजाचा कडक ताबा होता, तरी कुटुंबवाल्याला घरच्या कार्यासाठी पांढरी सुरा आणि औषधासाठी अरिष्ट करायची मुभा होती. उत्सव-जत्रेला चार दिवसांची सूट होती. इंग्रजांनी ही फट ठेवली नाही. १८७८ चा अबकारी कायदा आला. मग १८९२ ला आपल्या ठाणे-कुलाबा भागात मोहाची फुलं जवळ बाळगण्यावरच बंधनं आली. पनवेल तेव्हा कुलाब्यात. रानात पडलेलं फूल, जे लोक खायलाही वापरायचे, त्याचाही हिशोब द्यायचा! सरकारला महसूल मिळाला, आदिवासी घरांचं काय झालं ते वेगळं सांगायला नको.

आता धान्याकडे. पनवेल भाताचं. खारभूमी संशोधन केंद्रानं खाऱ्या जमिनीसाठी पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे वाण दिलेत. पण नवख्यानं पहिल्यांदा तांदूळ घेऊ नये. पिठूळपणाची साखर करायला दोन वाटा आहेत. एक किण्वाची, त्यात बुरशी ते काम करते. दुसरी मोडाची, त्यात दाणा रुजताना स्वतःच ते काम करतो. मोडाच्या वाटेत सातू, म्हणजे जव, सगळ्यात सोपा. त्याची टरफलं गाळणीचं काम करतात, आणि साधारण ६६ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवला की पाणी गोड होतं. तांदूळ त्या उष्णतेला नीट शिजतही नाही, वेगळा शिजवावा लागतो. मोठे कारखाने तांदूळ वापरतात, पण सातूच्या माल्टच्या जोडीला.

बव्हेरियात १५१६ च्या फर्मानानं सातू, हॉप आणि पाणी एवढंच ठेवलं. गहू पावासाठी उरावा हे त्याचं एक कारण सांगतात. पटतं मला. दुष्काळात धान्य कुठं जातं, हा प्रश्न जुनाच.

म्हणून पुतण्याला सांगितलं, पहिल्या खेपेला एकच माल्ट, एकच हॉप. वीस लिटरला साडेचार-पाच किलो सातूचा माल्ट पुरतो. चार-पाच प्रकारची धान्यं मिसळलीस तर बिघडलं कशानं ते कळणार नाही. शेतात एकाच वेळी तीन नवीन खतं टाकतो का आपण?

दुसऱ्या खेपेला मात्र थोडी नाचणी घाल म्हटलं. नाचणीचं सत्त्व आपल्याकडं बाळाला देतात, तोही माल्टच. युगांडात नाचणीची बिअर पितात, सिक्कीम-नेपाळात कोदोची म्हणतात ती हीच. नाचणी मूळची आफ्रिकेतलीच, आपल्या वरकस जमिनीत नंतर रुजली.

तो म्हणाला, इथं भारतीय दुकानात नाचणी मिळते. मी म्हटलं, ती खायची आहे, बियाण्याची नाही, उगवण काय असेल देव जाणे. आधी शंभर दाणे ओल्या फडक्यात बांध, तीन दिवसांनी किती मोडले ते मोजून मला कळव. नव्वदच्या खाली असतील तर त्या पिशवीच्या भाकऱ्या कर.