बाडातले आख्यान

हिंगोली जिल्ह्यातील कळमनुरी आणि तिच्या भोवतालची गावे ज्या कीर्तनपरंपरेत वाढली, तिच्यात कथा सांगण्यापूर्वी ती कितपत बांधून ठेवावी, या प्रश्नाचा निकाल छापील पुस्तके येण्याच्या फार आधी प्रत्यक्ष व्यवहारात लागलेला होता. नामदेवांचे (१२७०–१३५०) जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले गेलेले कयाधूकाठचे नरसी याच जिल्ह्यात आहे, आणि त्यांच्या कीर्तनासाठी देऊळ फिरल्याची आख्यायिका ज्या क्षेत्राविषयी सांगितली जाते ते औंढा नागनाथही याच जिल्ह्यात आहे. त्यामुळे कथा ही आधी उभे राहून सांगण्याची आणि मग जमल्यास लिहून ठेवण्याची गोष्ट आहे, ही समजूत या मुलखात मुरलेली असल्यास नवल नाही.

नारदीय कीर्तनाचे दोन भाग असतात. पूर्वरंगात एखादे पद घेऊन त्यातील तत्त्वाचे निरूपण होते आणि उत्तररंगात त्याच तत्त्वाचा दाखला म्हणून एक कथा, म्हणजे आख्यान, सांगितले जाते. शेवटी कीर्तनकार पुन्हा आरंभीच्या मूळ पदावर येतो. आख्यान लावताना, म्हणजे ते कीर्तनासाठी बसवताना, मोरोपंतांसारख्या कवींच्या आर्या, तसेच साक्या, दिंड्या आणि कटाव यांचा क्रम ठरवून ते मुखोद्गत केले जात, परंतु दोन पद्यांमधले गद्य बहुधा मोकळेच राही आणि ते श्रोत्यांचा कल पाहून ऐनवेळी लांबवता किंवा आखडता येई. वारकरी कीर्तनात तर कथेचा बेत याहूनही सैल असतो : एकच अभंग निवडून चरणाचरणाने त्याचे निरूपण करायचे, प्रत्येक मुद्द्याला इतर संतांच्या वचनांचे प्रमाण द्यायचे आणि दृष्टान्त ओघात येईल तसा घ्यायचा. हा सैलपणा म्हणजे तयारीचा अभाव नव्हे. विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदीला स्थापन केलेल्या वारकरी शिक्षण संस्थेचा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे, आणि ऐनवेळी आठवावे लागणारे पाठांतर त्यामागे उभे असते.

या पद्धतीचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे कीर्तनकारांची बाडे. बाड म्हणजे आखूड बाजूने शिवलेली, पाने वरच्या दिशेने उलटायची, जवळ बाळगता येईल अशी हस्तलिखित वही. पोथीत ग्रंथ आरंभापासून समाप्तीपर्यंत सलग उतरवलेला असतो. बाडात मात्र निरनिराळ्या संतांचे अभंग, आख्यानातील निवडक पद्ये आणि मध्येच एखाद्या औषधाची कृतीही सापडते. महिपतींचा १७६२ सालचा भक्तविजय ज्याच्या कानावरून अनेकदा गेला आहे, त्याला कथा नव्याने लिहून घेण्याची गरज नव्हती; तिच्यातील मोक्याच्या जागा तेवढ्या टिपून ठेवल्या की पुरे. त्यामुळे अभिलेखागारात बाड वाचणाऱ्या अभ्यासकाला ते विस्कळीत वाटते. वस्तुतः ते वाचण्यासाठी नव्हतेच, आणि ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे जुन्या मराठी कथनाविषयी अनेक गैरसमज झाले, असे म्हणावे लागते.

छापखान्याने हा हिशेब बदलला. हरि नारायण आपटे यांनी १८९० मध्ये ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. एका गावात फसलेला प्रसंग पुढच्या गावात बदलण्याची मुभा कीर्तनकाराला होती. क्रमशः लिहिणाऱ्याला ती नव्हती, कारण मागचा अंक वाचकांच्या घरी पोहोचलेला असे. तरीही पुढचे सारे आधीच बांधून ठेवण्याकडे आपट्यांच्या पिढीचा कल झुकला, असे दिसत नाही. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्या राहिल्या, आणि आठवड्याच्या धावपळीतील लेखन हे त्याचे एक कारण असावे. कीर्तनात असे अपुरेपण सहसा राहत नसे, कारण आरतीची वेळ झाली की आख्यान कोठेही अडकलेले असो, ते चार वाक्यांत आवरून मूळ पदापाशी आणणे कीर्तनकाराला भागच पडे.