कौंडिण्यपूर : काव्यातले आणि मातीतले

पेढीकाठच्या वलगावहून अमरावतीमार्गे पूर्वेकडे निघाले की तिवसा तालुक्यात वर्धेच्या काठी कौंडिण्यपूर लागते. आम्हां मराठीच्या अध्यापकांना हे गाव प्रथम भेटते ते अभ्यासक्रमात. तेराव्या शतकाच्या अखेरीस महानुभाव कवी नरेंद्राने आणि पुढे १५७१ मध्ये एकनाथांनी 'रुक्मिणीस्वयंवर' रचले, आणि भीमक राजाची ही राजधानी मराठी मनात कायमची वसली. वर्गात आम्ही रुक्मिणीचा विरह रंगवून शिकवतो. नगर मात्र कथेची पार्श्वभूमी म्हणून ओलांडून जातो.

वास्तविक ते नाव मराठी काव्याहून पुष्कळ जुने आहे. ऐतरेय ब्राह्मणात विदर्भाच्या भीमाचा उल्लेख येतो. बृहदारण्यक उपनिषदातील आचार्यपरंपरेत विदर्भी कौंडिण्य आहे. महाभारतात दमयंतीचे माहेर कुंडिनपूरच. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त अग्निमित्र शुंग यज्ञसेन आणि माधवसेन या चुलतभावांत विदर्भ वाटून देतो, आणि सीमा ठरते ती वरदा, म्हणजे आपली वर्धा. (ही वाटणी खरी मानली तर राजधानी ऐन सरहद्दीवर येते, टीकाकारांनी याकडे अधिक लक्ष द्यायला हवे होते.)

पण हे सारे शब्दांचे पुरावे झाले. १९६२ ते १९६४ या काळात डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी येथील पांढरीच्या टेकाडात उत्खनन केले, तेव्हा सातवाहनकालीन वस्तीच्या खाली त्याहून जुनी वस्ती लागली : काळी-तांबडी मृद्भांडी आणि लोखंड वापरणाऱ्या लोकांची. याच प्रकारची भांडी नागपूरकडील जुनापाणी, टाकळघाट-खापा येथील शिळावर्तुळांतही सापडतात. आपल्या मृतांभोवती प्रचंड दगडांची वर्तुळे रचणारे हे लोक ख्रिस्तपूर्व पहिल्या सहस्रकातले. ते स्वतःला काय म्हणवीत, कोणती भाषा बोलत, हे मडकी सांगत नाहीत.

येथे पॅरिसची आठवण होते. सीन नदीकाठच्या पॅरिसी या केल्टिक टोळीचे आणि तिच्या लुटेशियाचे नाव लिखित इतिहासात आले ते सीझरच्या, म्हणजे जिंकणाऱ्याच्या, लेखणीतून. ख्रिस्तपूर्व ५३ मध्ये त्याने तेथे सभा भरवली होती. त्या लोकांना निदान शत्रूने तरी नाव दिले. आपल्याकडे नगराला नाव आहे, राजा आहे, राजकन्या आहे. टेकाडाच्या तळातील माणसे मात्र अनामिक.

म्हणूनच 'उत्खननाने रुक्मिणी खरी ठरली' असे कोणी उत्साहाने म्हणाले की आम्हांला अवघडल्यासारखे होते. रुक्मिणीहरण अमरावतीच्या अंबादेवीचे देऊळही आपलेच सांगते, कौंडिण्यपूरचे अंबिकेचे देऊळही. आणि दूर अरुणाचलात भीष्मकनगर आहे, तेथेही ती माहेरवाशीणच. कथा अशी हजारो कोस चालते, आणि त्यात तिचे काही उणे होत नाही. कौंडिण्यपुराहून रुक्मिणीची पालखी दरवर्षी आषाढीला पंढरपूरला जाते. तिला खापरांच्या दाखल्याची गरज कधीच पडली नाही.

गरज आहे ती खापरांनाच, कोणीतरी वाचण्याची. दीक्षितांचा अहवाल १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. नरेंद्राच्या पाठ्यपुस्तकाशेजारी त्यातील मृद्भांड्यांची चित्रे ठेवून एक तास घ्यावा, असे आम्हांला वाटते, एम.ए.च्या वर्गात तेवढा वेळ निघू शकतो.