झोपलेले जंतू

माझ्या लहानपणी इथे रत्नागिरीत या दुखण्याचे नावही कुणी मोठ्याने घेत नसे. कुष्ठरोगाचा जंतू हॅन्सन यांना १८७३ साली दिसला, पण डॅप्सोनची गोळी वापरात यायला १९४० चे दशक उजाडले. गोळी स्वस्त, गुणही येई. पण घ्यायची कधीपर्यंत? अनेकांना उत्तर मिळे, जन्मभर!

कारण हा जंतू भलताच सावकाश. एकाचे दोन व्हायला बारा-चौदा दिवस लागतात आणि काही तर नुसते झोपून राहतात. दहा वर्षे डॅप्सोन घेतलेल्यांच्या अंगातही ते जिवंत सापडले.

१९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी, ज्यांच्या अंगात जंतू जास्त त्यांना तीन औषधे एकत्र द्यायला सांगितले: डॅप्सोन, क्लोफाझिमिन आणि महिन्यातून एकदा कर्मचाऱ्यासमोर गिळायचे रिफाम्पिसिन. लघवी लाल होई, कातडी काळवंडे. झोपाळू जंतू सगळेच मरतात असे नाही, पण रोग उलटतो तो फार थोड्यांचा. मुदत आधी निदान दोन वर्षे, १९९८ पासून एक वर्ष. मला या मुदतीचेच मोल जास्त वाटते. ‘माझे औषध संपले’ असे रोग्याला सांगता येऊ लागले.

आपला कायदा मात्र झोपलेलाच! हिंदू विवाह कायद्यातून कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण काढले गेले ते २०१९ साली.